कुळाचा शोध : तीर्थोपाध्यायांच्या वह्या, जुने दप्तर आणि डीएनए चाचणी

प्रास्ताविक

पुरातन तीर्थक्षेत्री दर्शनास येणाऱ्या भाविकांत एक वर्ग असा असतो, जो देवदर्शनाबरोबरच आपल्या घराण्याचा माग काढण्यासाठी आलेला असतो. आपले मूळ गाव कोणते, कुलदैवत हेच की अन्य, पणजोबांच्या वडिलांचे नाव काय, हे त्याचे प्रश्न असतात. दोन-तीन पिढ्यांपूर्वी गाव सुटले, शहरात बिऱ्हाड झाले, घरातील वडीलधारी मंडळी निवर्तली आणि लग्नकार्याच्या वेळी देवक व कुलाचार यांची विचारणा होताच उत्तर देणारे कोणी उरले नाही, अशी अनेक कुटुंबांची स्थिती आहे. अलीकडे या प्रश्नांना आणखी एक प्रश्न येऊन मिळाला आहे. डीएनए चाचणी करून कुळ, गोत्र अथवा कुलदैवत निश्चित करता येईल काय?

या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर 'नाही' असेच आहे. तथापि डीएनए चाचणी निरुपयोगी आहे, असा त्याचा अर्थ नव्हे. घरातील आठवण, तीर्थोपाध्यायांची वही, सरकारी दप्तर आणि शरीरातील डीएनए हे कुळाच्या इतिहासाचे चार निरनिराळे साक्षीदार होत. प्रत्येकास जे ठाऊक आहे तेवढेच त्यास विचारावे, आणि एकाच्या साक्षीवर संपूर्ण निवाडा करू नये, हे या शोधाचे मुख्य सूत्र आहे.

आरंभ घरातून

शोधाचा आरंभ कागदाने नव्हे, तर घरातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीपासून करावा. जुना कागद आणखी काही वर्षे टिकू शकेल, माणसाच्या आठवणीची तशी शाश्वती नाही. विशेषतः आजी, आत्या, मावशी यांना आवर्जून विचारावे. वंशावळीत बहुधा पुरुषांचीच नावे असतात. कोणती मुलगी कोणत्या गावी दिली, कोणत्या घरातून सून आली, ही माहिती स्त्रियांनाच अधिक ठाऊक असते. विवाहप्रसंगी वधूचे नाव बदलण्याची प्रथा महाराष्ट्रात अनेक घरांत होती. त्यामुळे प्रत्येक स्त्रीचे माहेरचे नाव, माहेरचे आडनाव व गाव स्वतंत्रपणे टिपून ठेवावे. ते न टिपल्यास त्या स्त्रीचा पुढील माग कोणत्याही दप्तरात लागणे कठीण जाते.

श्राद्धविधी हाही एक प्रकारे घराण्याचा स्मरणलेखच आहे. त्यात पिता, पितामह व प्रपितामह यांचा, तसेच माता, पितामही व प्रपितामही यांचा उच्चार होतो. मातामहाकडील तीन पिढ्यांचेही स्मरण केले जाते. ज्या घरात हा विधी अखंड चालत आला आहे, तेथे श्राद्धाच्या नावांची जुनी चिठ्ठी देवघरात वा पोथीत सापडण्याचा संभव असतो. त्याखेरीज लग्नपत्रिका, जन्मपत्रिका, खरेदीखते, वाटणीपत्रे, भांड्यांवर घातलेली नावे, यांपैकी काहीही क्षुल्लक समजू नये.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या

नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया, प्रयाग, हरिद्वार अशा क्षेत्रांतील तीर्थोपाध्यायांकडे यजमान घराण्यांच्या नोंदी पिढ्यानपिढ्या जतन केलेल्या असतात. यात्रेकरू क्षेत्री आला की, त्याचे नाव, गाव, वडील, आजोबा, बंधू, पुत्र, बरोबर आलेली माणसे आणि येण्याचे कारण वहीत लिहिले जाई. पुष्कळदा हा लेख यजमानाच्या स्वहस्ताक्षरात असतो. या वह्यांचे महत्त्व परदेशातही जाणले गेले असून, अमेरिकेतील यूटा येथील वंशावळी संस्थेने हरिद्वार येथील नोंदींचे सूक्ष्मचित्रण १९७० च्या दशकातच हाती घेतले होते.

या वह्या सामान्यतः प्रदेश, गाव आणि आडनाव या क्रमाने लावलेल्या असतात. म्हणून "आम्ही पुण्याचे" एवढ्या माहितीवर शोध लागत नाही. मूळ गाव, तालुका आणि शक्य झाल्यास जुना परगणा सांगावा लागतो. वडगाव, पिंपळगाव या नावाची गावे अनेक आहेत. कोणते पिंपळगाव हे निश्चित नसेल, तर भलत्याच घराण्याची वंशावळ हाती येते आणि नावांचे साम्य असल्याने ती खरीही वाटते. उपाध्यायांच्या घरात वाटण्या झाल्या असल्यास वह्याही भाऊबंदांत विभागल्या गेलेल्या असतात. एका घरी नोंद न मिळाल्यास ती अस्तित्वातच नाही, असा निष्कर्ष काढू नये.

नोंद मिळाल्यावर ती संपूर्ण वाचून घ्यावी. उपाध्यायांच्या अनुमतीने तिचे छायाचित्र घ्यावे. मूळ लेख आणि मागाहून दुसऱ्या हाताने घातलेली भर यांतील भेद लक्षात घ्यावा. नातवास आजोबांचे नाव ठेवण्याच्या प्रथेमुळे 'रामजी बिन शिवाजी बिन रामजी' अशी साखळी वारंवार आढळते. तीत पहिला रामजी कोणता व दुसरा कोणता, याचा घोटाळा होऊन एक संपूर्ण पिढी गळण्याची वा दुबार मोजली जाण्याची शक्यता असते. सामान्यतः शंभर वर्षांत तीन ते चार पिढ्या होतात. वंशावळ या मापाशी जुळते की नाही, हे पडताळून पाहावे.

मोडी लिपी व जुनी कालगणना

जुन्या महाराष्ट्रातील बहुतेक व्यवहार मोडी लिपीत होत असे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शाळांतूनही शिकविली जाई. मोडीत प्रथम आडवी रेघ ओढून तीस अक्षरे लटकविली जातात, शब्दांमध्ये अंतर सोडले जात नाही आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळला जात नाही. त्यामुळे विशेषनामे वाचताना जाणकाराचीही चूक होऊ शकते. एकच नाव दोन निरनिराळ्या वाचकांकडून वाचून घेणे इष्ट होय. कुणबी नोंदींच्या शोधास २०२३ पासून सरकारी पातळीवर चालना मिळाल्यानंतर मोडी वाचकांची गरज सर्वत्र जाणवली. मोडीचे प्रशिक्षणवर्गही अनेक ठिकाणी भरविले जातात.

काही संज्ञा ध्यानात ठेवल्यास वाचन सुलभ होते. 'बिन' म्हणजे अमुकाचा पुत्र. 'कोम' म्हणजे अमुकाची पत्नी. 'मौजे' म्हणजे गाव, 'कसबे' म्हणजे बाजारपेठेचे मोठे गाव आणि 'साकीन' म्हणजे राहणार. आडनाव अनेकदा लिहिलेलेच नसते. त्याऐवजी पाटील, कुलकर्णी, चौगुला असा वतनाचा वा धंद्याचा निर्देश असतो. आजचे आडनाव जुन्या कागदात न दिसल्यास तो कागद आपला नव्हे, असे लगेच समजू नये.

कालाचा निर्देश तीन-चार पद्धतींनी केलेला आढळतो. शालिवाहन शकात ७८ मिळविले असता इसवी सन येतो, मात्र जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तिथींसाठी ७९ मिळवावे लागतात. उदाहरणार्थ, शके १७८२ मधील श्रावणातील नोंद इसवी सन १८६० मधील होय. सुहूर सन अरबी शब्दांत लिहिला जाई व त्यात एकक आधी येतो. 'समान सबैन मया व अलफ' म्हणजे आठ, सत्तर, शंभर व हजार, अर्थात ११७८. हे वर्ष मृगाच्या सुमारास आरंभ होत असल्याने त्यात ५९९, तर जानेवारीनंतरच्या महिन्यांसाठी ६०० मिळवावे. येथे ते इसवी सन १७७७-७८ ठरते. दक्षिणेतील फसली सनात ५९० वा ५९१ मिळवितात.

सरकारी दप्तर

तीर्थक्षेत्रीच्या नोंदीची पडताळणी स्वतंत्र कागदांवरून करता येते. त्यांपैकी प्रमुख पुढीलप्रमाणे :

१) गाव नमुना नंबर १४, अर्थात कोतवाल बुक. यात गावातील जन्म-मृत्यूंच्या जुन्या नोंदी असतात. त्या तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात पाहावयास मिळतात.

२) शाळेचे जनरल रजिस्टर. यात विद्यार्थ्याचे नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थान व आधीच्या शाळेचा निर्देश असतो. गाव सोडून आलेल्या कुटुंबाचा माग लावण्यास आधीच्या शाळेचे नाव फार उपयोगी पडते.

३) सातबारा उतारा व फेरफार नोंदवही. खातेदार मृत झाल्यावर जी वारस नोंद होते, तीत पुत्रांबरोबर विधवा पत्नी व विवाहित कन्या यांचीही नावे मिळू शकतात. वंशावळीत गाळलेल्या स्त्रिया येथे भेटतात.

४) पुणे येथील पुराभिलेखागारातील पेशवे दप्तर व इनाम कमिशनचे कागद. १८५२ च्या अकराव्या कायद्यानुसार इनामांची चौकशी झाली, त्या वेळी इनामदारांनी कैफियती व वंशावळी सादर केल्या. वतनाच्या तंट्यांतील महजर व निवाडपत्रे यांतूनही चार-चार पिढ्यांची नावे मिळतात. मात्र हे कागद हक्क शाबीत करण्यासाठी लिहिलेले असल्याने, प्रतिपक्षाचा कागद उपलब्ध असल्यास तोही वाचावा.

महाराष्ट्र शासनाच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर अनेक जिल्ह्यांतील जुने उतारे व फेरफार पाहता येतात. खासगी घरांतील रुमाल मात्र अद्याप मोठ्या प्रमाणात घरांतच आहेत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून असेच कागद मिळविले आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे बावीस खंड सिद्ध केले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली, तीही याच ध्येयाने. माळ्यावरचे जुने दप्तर रद्दीत घालण्यापूर्वी जाणकारास दाखवावे, ही विनंती आजही तितकीच आवश्यक आहे.

स्थलांतरित कुळे

कुळ एका ठिकाणी व कुलदैवत दुसऱ्या ठिकाणी, अशी स्थिती अनेकदा आढळते. गोमंतकात सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीने देवालये पाडण्यास आरंभ केल्यावर भक्तांनी अनेक देवतांच्या मूर्ती त्या राजवटीबाहेरील प्रदेशात हलविल्या. श्रीमंगेशाचे मूळ स्थान कुठ्ठाळी, अर्थात कुशस्थळी, आज देवालय आहे प्रियोळ येथे. श्रीशांतादुर्गेचे मूळ स्थान केळशी, आज देवालय आहे कवळे येथे. त्याच काळात कित्येक कुळे कोकण, कर्नाटक व केरळपर्यंत गेली. कुलदेवतेचे आजचे गाव तेच आपले मूळ गाव, असे गृहीत धरल्यास अशा कुळांचा शोध पहिल्याच पायरीवर चुकतो.

समुद्रापलीकडे गेलेल्यांची कथा याहून निराळी आहे. १८३४ पासून मॉरिशसला करारबद्ध मजूर नेण्यात येऊ लागले, त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातील मराठी माणसेही होती. त्यांच्या नोंदी मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या आहेत. त्यांत मजुराचा क्रमांक, नाव, वडिलांचे नाव, वय, गाव व जहाज यांचा निर्देश असतो. पुढील काळातील नोंदींस छायाचित्रही जोडलेले आढळते. परंतु लिहिणारा कारकून परभाषी असल्याने गावांची नावे पार बदलून गेली आणि पूर्वजाचे व्यक्तिनाव हेच पुढे वंशजांचे आडनाव होऊन बसले. अशा वंशजाने नोंद मोठ्याने वाचावी व त्या ध्वनीशी जुळणारी गावे कोकणातील ग्रामसूचीत शोधावी, हा मार्ग उपयोगी पडतो.

डीएनए चाचणीचे तीन प्रकार

डीएनए चाचणीसाठी लाळेचा अथवा गालाच्या आतील बाजूचा नमुना घेतला जातो. वंशशोधासाठी तिचे तीन प्रकार महत्त्वाचे आहेत.

वाय गुणसूत्राची चाचणी : हे गुणसूत्र पित्याकडून पुत्राकडे फारसा बदल न होता जाते. एकाच आडनावाची दोन घराणी दोन गावांत असून ती मूळची एक असल्याची श्रुती असेल, तर प्रत्येक घराण्यातील एका पुरुषाची ही चाचणी करता येते. निष्कर्ष जुळल्यास त्यांचा पुरुषपरंपरेतील पूर्वज एक होता, एवढे ठरते. तो कोण, कोणत्या गावचा व नेमका कोणत्या शतकातील, हे त्यावरून कळत नाही.

मायटोकॉन्ड्रियल डीएनए चाचणी : हा डीएनए मातेकडून सर्व अपत्यांस मिळतो, परंतु पुढे कन्येमार्फतच संक्रमित होतो. आई, आजी, पणजी अशी जी परंपरा वंशावळीने बहुधा लिहिलीच नाही, तिची साक्ष येथे मिळते. नावे मात्र येथेही मिळत नाहीत.

ऑटोसोमल चाचणी : ही माता व पिता या दोन्ही बाजूंचा विचार करते. ज्यांचे आजी-आजोबा एक आहेत, अशा भावंडांत सरासरी १२.५ टक्के डीएनए समान असतो. ज्यांचे पणजी-पणजोबा एक, त्यांच्यात सुमारे ३ टक्के, आणि ज्यांचे खापरपणजोबा एक, त्यांच्यात एक टक्क्याहून कमी. या शेवटच्या वर्गात सुमारे दहांत एका जोडीत चाचणीस दिसेल एवढाही समान अंश नसतो. यास्तव ही चाचणी चार-पाच पिढ्यांपर्यंतच विश्वसनीय ठरते. दहाव्या पिढीत प्रत्येकाच्या वंशवृक्षात पूर्वजांची १,०२४ स्थाने असतात व त्यांतील अनेकांचा डीएनए आजच्या वंशजात उरलेलाच नसतो. ते पूर्वज नव्हते, असे मात्र त्यामुळे ठरत नाही.

डीएनए काय सांगत नाही

गोत्र, कुलदैवत, देवक व आडनाव यांची खूण डीएनएमध्ये नसते. या गोष्टी परंपरेने, संस्काराने व समाजाने दिलेल्या आहेत. दत्तकविधानाचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. मालेगावजवळच्या कवळाणे गावातील गोपाळराव गायकवाड यांना १८७५ मध्ये महाराणी जमनाबाई यांनी दत्तक घेतले. तेच पुढे बडोद्याचे महाराज सयाजीराव तिसरे म्हणून विख्यात झाले. जन्मदाता पिता एक व ज्याच्या गादीवर बसावयाचे तो पिता दुसरा, हे त्या काळी सर्वमान्य होते. सामान्य घरांतही दत्तकपुत्र वा कन्येचा पुत्र घर पुढे चालवीत असे. अशा ठिकाणी वाय गुणसूत्र जुळले नाही, तर वंशावळ खोटी ठरत नाही आणि दत्तक गेलेल्याचे वंशज त्या कुळास परकेही ठरत नाहीत. तसेच वही खरी असली, म्हणून डीएनए खोटा ठरत नाही. दोघांनी दोन निरनिराळ्या गोष्टी सांगितलेल्या असतात.

भारतीय समाजाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. हैदराबाद येथील पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांच्या सहभागाने २००९ व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनांनुसार, बहुतेक भारतीय समूह दोन प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून आलेले आहेत. हे मिश्रण सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी घडून आले व त्यानंतर समूहांतर्गत विवाहाची प्रथा दृढ झाली. शतकानुशतके एकाच समूहात विवाह झाल्याने दूरचे नातलग चाचणीत प्रत्यक्षापेक्षा जवळचे भासतात. चाचणीने 'चुलत भाऊ' असे सुचविलेली व्यक्ती अनेक वाटांनी दूरची नातलग असू शकते. अहवालातील 'अमुक प्रदेशाचे इतके टक्के' हे आकडेही कंपनीजवळच्या नमुन्यांवर अवलंबून असतात व नमुने वाढताच बदलतात.

परंपरा व डीएनए यांची सांगड कशी घालावी, याचा उत्तम नमुना म्हणजे कोकणातील बेने इस्राएल समाज. नौका फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यास लागलेल्या सात जोडप्यांचे आपण वंशज आहोत, अशी या समाजाची श्रुती आहे. मराठी ही त्यांची घरची भाषा, आणि गावांवरून आलेली 'कर'ान्त आडनावे त्यांच्यात रूढ आहेत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासात त्यांच्यात ज्यू व स्थानिक भारतीय अशा दोन्ही पूर्वजांचा मोठा वाटा आढळला. श्रुतीतील दूरच्या मूळस्थानाची बाब त्यामुळे पुष्ट झाली. जोडपी सातच होती काय, नौका कोठे फुटली, हे मात्र डीएनएने सांगितले नाही, व ते त्याचे कामही नव्हे.

चाचणीपूर्वी घ्यावयाची दक्षता

एका व्यक्तीची चाचणी ही वस्तुतः संपूर्ण कुटुंबाची चाचणी असते. तीतून अज्ञात भावंड, न सांगितलेले दत्तकविधान वा पितृत्वाविषयी अनपेक्षित सत्य उघड होऊ शकते. म्हणून घरातील संबंधित मंडळींशी आधी मोकळेपणाने बोलून घ्यावे. वृद्ध व्यक्तीचा नमुना तिला हेतू समजावून सांगितल्याखेरीज घेऊ नये. अनपेक्षित निष्कर्ष आल्यास तो कोणास सांगावयाचा, हेही अगोदरच ठरवावे. वृद्ध मातेस तिच्या उतारवयात दुःख देऊन मिळविलेली माहिती कुळाच्या हिताची नव्हे.

दुसरी बाब गोपनीयतेची. २०२३ मध्ये एका मोठ्या अमेरिकन कंपनीकडील सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरांच्या हाती गेली व २०२५ मध्ये त्याच कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. चाचणी करण्यापूर्वी नमुना किती काळ ठेवला जाईल, माहिती अन्य कोणास दिली जाईल काय व ती नष्ट करण्याची सोय आहे काय, हे वाचून घ्यावे. गोत्र वा कुलदैवत प्रमाणित करून देण्याचे आश्वासन कोणी देत असल्यास त्यावर विश्वास ठेवू नये.

समारोप

शोधाचा क्रम याप्रमाणे असावा : प्रथम वडीलधाऱ्यांची आठवण, नंतर घरातील कागद, त्यानंतर तीर्थोपाध्यायांची वही, मग सरकारी दप्तर, आणि एखादा नेमका प्रश्न शिल्लक राहिल्यास अखेरीस डीएनए. कुलदैवताविषयी संशय उरल्यास मूळ गावातील भाऊबंद, कुलोपाध्याय व विवाहसंबंध झालेली घराणी यांच्याकडे विचारणा करावी. इतके करूनही उत्तर न मिळाल्यास खेद मानू नये. ज्या देवतेची उपासना घरात श्रद्धेने चालत आली आहे, ती पुढे चालविण्यास वंशावळीच्या दाखल्याची आवश्यकता नाही.

पितृऋण फेडण्याच्या मार्गांत पूर्वजांचे स्मरण हा एक मार्ग सांगितलेला आहे. मागील नोंदी शोधणाऱ्या भाविकाने क्षेत्र सोडण्यापूर्वी आपली स्वतःचीही नोंद वहीत अवश्य करावी. ती सुवाच्य देवनागरी अक्षरांत, पूर्ण तारखेसह करावी. मूळ गाव, सध्याचे गाव, माता, पत्नी व कन्या यांची नावे व माहेरची आडनावे त्यात लिहावीत. दत्तकविधान झाले असल्यास तेही निःसंकोच नमूद करावे. शंभर वर्षांनी त्याच वहीपाशी जो येईल, त्यास ते पान वाचताना अडखळावे लागू नये.